ख्रिस्टी मॅथ्यूसन : जिंकताना आणि हरताना

मिशनऱ्यांची, पाळकांची, गीतकारांची चरित्रे आपल्या मंडळ्यांत आवडीने वाचली जातात. या वेळी आम्ही वाचकांपुढे एका खेळाडूचे चरित्र ठेवीत आहोत. तो आपल्या देशाचा नव्हता, आणि त्याचा खेळही आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. तरी शब्बाथशाळेत शिकविणाऱ्या बंधुभगिनींना या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे असे आम्हांस वाटते. मात्र ते जेथे सहसा शोधले जाते तेथे सापडत नाही, म्हणून चरित्र शेवटपर्यंत वाचावे अशी विनंती आहे.

ख्रिस्टोफर मॅथ्यूसन यांचा जन्म १२ ऑगस्ट १८८० रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, फॅक्टरीव्हिल नावाच्या लहानशा गावी झाला. घरची माणसे देवभीरू होती. आई मिनर्व्हा हिची इच्छा अशी की, थोरल्या मुलाने पाळक व्हावे. मुलाचे लक्ष मात्र चेंडूकडे. लहानपणापासून त्याच्या हातात विलक्षण जोर होता आणि त्याहून विलक्षण अशी अचूकता होती. गावच्या कीस्टोन अकॅडमीत शिकून तो १८९८ साली लुइसबर्ग येथील बकनेल विद्यापीठात गेला. हे विद्यापीठ बॅप्टिस्ट लोकांनी १८४६ साली स्थापन केलेले होते. तेथे ख्रिस्टी वर्गाचा अध्यक्ष झाला, गायकांच्या मंडळात गायला, वाङ्मय मंडळात बसला, फुटबॉलही उत्तम खेळला. पदवी पुरी होण्याआधीच व्यावसायिक बेसबॉलचे बोलावणे आले व १९०० साली, वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास, तो न्यूयॉर्क जायंट्स या संघाकडून प्रथम मैदानात उतरला.

त्या काळी पगार घेऊन बेसबॉल खेळणाऱ्यांची कीर्ती चांगली नव्हती. दारू, जुगार, शिवीगाळ, मैदानातच मारामारी, हे सर्व त्या धंद्याशी जोडलेले होते. सभ्य घरांतील माता आपल्या मुलास तिकडे पाठविण्यास धजत नसत. आईने पुत्राला अडविले नाही, पण त्याच्याकडून एक वचन घेतले. प्रभूच्या दिवशी खेळायचे नाही. पुत्राने ते वचन दिले, आणि खेळाडू म्हणून सतरा वर्षांच्या कारकिर्दीत त्याने रविवारी चेंडू टाकला नाही. येथून पुढे आम्ही त्यांचा उल्लेख आदराने करू, कारण मूल आता मोठे झाले.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी दोन शब्द. नऊ नऊ खेळाडूंचे दोन संघ असतात व सामना नऊ डावांचा असतो. प्रत्येक डावात तीन गडी बाद झाले की दुसऱ्या संघाची पाळी येते. मैदानाच्या एका टोकास चार बेसचा चौकोन असतो. फलंदाजाने चेंडू मारून पहिला, दुसरा व तिसरा बेस गाठीत पुन्हा घरच्या बेसवर यावयाचे, म्हणजे एक धाव झाली. क्रिकेटमध्ये एका सामन्यात शेकडो धावा होतात. येथे दोन-तीन धावांवर सामना जिंकला जातो. चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. आपला गोलंदाज षटक संपले की विसावतो, पण त्या काळचा चांगला पिचर बहुधा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सर्व चेंडू एकटाच टाकीत असे. म्हणून सामना जिंकला तर यश त्याचे, आणि हरला तर अपयशही त्याच्याच नावावर लिहिले जाई.

मॅथ्यूसन यांच्याकडे वेग होता, वळण होते, आणि एक खास चेंडू होता. उजव्या हाताच्या पिचरचा वळणारा चेंडू साधारणतः एका बाजूस जातो. यांचा हा चेंडू मनगट उलटे फिरवून टाकलेला असल्यामुळे नेमका दुसऱ्या बाजूस वळत खाली बसे. आपल्याकडील गुगलीची आठवण व्हावी असाच तो प्रकार. त्याने हाताला फार ताण पडे, म्हणून एका सामन्यात ते तो अगदी मोजक्या वेळी, निकडीच्या प्रसंगीच काढीत. त्यांचा खरा गुण मात्र संयमाचा होता. फलंदाजाच्या आवाक्याबाहेर चार चेंडू पडले की त्यास पहिला बेस फुकट मिळतो. १९१३ साली मॅथ्यूसन यांनी तीनशेहून अधिक डाव टाकले आणि सबंध वर्षात असे फुकटचे बेस फक्त २१ वेळा दिले. त्यातही ६८ डाव सलग एकदाही दिला नाही. ज्याला हात इतका ताब्यात ठेवता आला, त्याचा जिभेवरही ताबा असावा याचे लोकांना नवल वाटत नसे.

त्यांचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ हे अगदी उलट्या स्वभावाचे होते. पंचांशी भांडणारे, तोंडाळ, जिंकण्यासाठी जिवाचे रान करणारे. मॅथ्यूसन यांचे १९०३ साली जेन स्टॉटन यांच्याशी लग्न झाले, आणि ही दोन जोडपी न्यूयॉर्कमध्ये काही काळ एकाच बिऱ्हाडात राहिली. दोघांची मैत्री जन्मभर टिकली. मॅग्रॉ यांनी आपल्या सर्वांत मोठ्या पिचरचे रविवारचे वचन मानले, आणि मॅथ्यूसन यांनी आपल्या मित्राचा तापटपणा सोसला. ज्याची राहणी आपल्यासारखी नाही अशाबरोबर एका छपराखाली राहूनही आपली राहणी न सोडणे, हेही एक शिक्षणच आहे.

१९०५ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज झाली. दोन मोठ्या लीगमधील विजेत्यांची ही वर्षाअखेरची लढत. न्यूयॉर्कपुढे फिलाडेल्फियाचा ॲथलेटिक्स संघ होता. ९, १२ व १४ ऑक्टोबर असे सहा दिवसांत तीन सामने मॅथ्यूसन यांनी टाकले. एकूण २७ डाव. त्यांत फिलाडेल्फियाला एकही धाव मिळाली नाही. अठरा फलंदाज त्यांनी स्वतः बाद केले आणि फुकटचा बेस एकदाच दिला. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी वर्ल्ड सिरीजमध्ये असा पराक्रम दुसऱ्या कोणाच्या हातून झालेला नाही. सारी अमेरिका त्यांना ख्रिस्ती सद्गृहस्थ म्हणून ओळखू लागली. मुलांच्या पुस्तकांत त्यांचे चित्र आले. प्रवचनांत त्यांचा दाखला येऊ लागला.

आणि नेमका येथेच तो दाखला संपतो. आईला वचन दिले, प्रभूचा दिवस पाळला, म्हणून देवाने त्यास तीन विजय दिले. गोष्ट सोपी आहे, मुलांना आवडते, आणि पंधरा मिनिटांच्या पाठात बसते. आमचे म्हणणे असे की, ही गोष्ट येथे थांबविणे मुलांच्या हिताचे नाही. कारण तीन वर्षांनी जे घडले ते या गोष्टीत बसत नाही.

१९०८ साल हे मॅथ्यूसन यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कष्टाचे साल. त्या एका वर्षात त्यांनी ३७ सामने जिंकले आणि ३९० डाव टाकले. सप्टेंबर उजाडला तेव्हा न्यूयॉर्क, शिकागो आणि पिट्सबर्ग या तीन संघांत पहिल्या स्थानासाठी इतकी चुरस होती की, एकेक सामना सोन्याच्या मोलाचा झाला होता. २३ सप्टेंबरला, बुधवारी, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स या मैदानावर शिकागो कब्ज संघाशी सामना होता. मॅथ्यूसन यांच्यासमोर शिकागोचे जॅक फीस्टर होते. दोघांनीही फलंदाजांना डोके वर काढू दिले नाही. आठ डाव संपले तरी प्रत्येक संघाची एकेकच धाव.

नवव्या डावाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कचे दोन गडी बाद झाले होते व मॅकॉर्मिक पहिल्या बेसवर होते. फ्रेड मर्कल नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा फलंदाजीस आला. नेहमीचा खेळाडू दुखण्यामुळे बसला होता म्हणून त्याला ती संधी मिळाली होती. त्याने चांगला फटका मारला. मॅकॉर्मिक तिसऱ्या बेसवर गेले, मर्कल पहिल्यावर थांबला. पुढचे फलंदाज ब्रिडवेल यांनीही फटका मारला, मॅकॉर्मिक घरी धावत आले आणि सामना जिंकला असे समजून हजारो लोक मैदानात उतरले. ती गर्दी पाहून मर्कल अर्ध्या वाटेतून वळला व खेळाडूंच्या खोलीकडे पळाला. दुसऱ्या बेसला त्याने पाय लावला नाही.

नियम असा की, अशा वेळी पहिल्या बेसवरील गड्याने दुसरा बेस गाठलाच पाहिजे. त्याआधी चेंडू त्या बेसवर आला तर तो गडी बाद, आणि तो तिसरा गडी असेल तर धाव धरली जात नाही. पण सामन्याचा शेवट झाला की खेळाडू तसेच निघून जात, आणि पंच तिकडे काणाडोळा करीत, असा रिवाज होता. याच महिन्याच्या ४ तारखेस पिट्सबर्ग येथे असाच प्रसंग घडला होता व पंचांनी धाव धरली होती. शिकागोच्या जॉनी एव्हर्स यांनी ती गोष्ट मनात ठेवली होती. त्यांनी गर्दीतून एक चेंडू मिळविला आणि दुसऱ्या बेसवर उभे राहून दाद मागितली. तो खेळातलाच चेंडू होता की दुसरा, यावर आजही वाद होतो. पंच हँक ओडे यांनी मर्कलला बाद ठरविले. मैदान माणसांनी भरलेले आणि अंधार पडू लागलेला. सामना बरोबरीत सुटला असे जाहीर झाले.

लीगचे सामने संपले तेव्हा न्यूयॉर्क आणि शिकागो या दोघांचेही ९८ विजय व ५५ पराभव झाले होते. मग बरोबरीचा तो सामना पुन्हा खेळावयाचा ठरला. तारीख ८ ऑक्टोबर १९०८, गुरुवार. पोलो ग्राउंड्सच्या आत माणूस मावेना, तेव्हा लोक जवळच्या कड्यावर आणि उंचावरून जाणाऱ्या रेल्वेच्या सांगाड्यावर चढून बसले. चेंडू मॅथ्यूसन यांच्या हाती दिला. वर्षभराच्या श्रमाने त्यांचा हात शिणलेला होता.

न्यूयॉर्कने पहिल्याच डावात एक धाव काढली. शिकागोने लगेच पिचर बदलला आणि मॉर्डिकाय ब्राउन यांना आणले. इंडियाना राज्यातील कोळशाच्या खाणींत काम केलेला हा माणूस. लहानपणी शेतावरील यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी तुटली होती, आणि त्या अधू पंज्यातून सुटणारा चेंडू विचित्र वळत असे. तिसऱ्या डावात शिकागोच्या फलंदाजांनी मॅथ्यूसन यांना एकामागून एक जोरदार फटके मारले व चार धावा केल्या. सातव्या डावात न्यूयॉर्कचे तिन्ही बेस भरले, एकही गडी बाद नव्हता, आणि फलंदाजीची पाळी मॅथ्यूसन यांची होती. व्यवस्थापकांनी त्यांना बसविले व त्यांच्या जागी दुसरा फलंदाज पाठविला. तो उंच झेल देऊन बाद झाला. त्या डावात एकच धाव निघाली. सामना शिकागोने चार विरुद्ध दोन असा जिंकला. ज्या वर्षी मॅथ्यूसन यांनी ३७ सामने जिंकले, त्या वर्षाचे सर्व श्रम त्यांच्याच हातून त्या एका दुपारी गेले.

आता शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शिकागोचा संघ आपल्या गावी रविवारीही खेळत असे. ४ ऑक्टोबर १९०८ हा रविवार होता. त्या दिवशी शिकागो येथे मोठ्या गर्दीपुढे ब्राउन यांनी पिट्सबर्गला हरविले, आणि त्या विजयामुळेच शिकागोची आशा जिवंत राहिली. मग चार दिवसांनी, गुरुवारी, रविवारी खेळलेल्या पिचरने रविवार पाळणाऱ्या पिचरला हरविले. रविवार पाळला की देव जय देतो, असे ज्या मुलाला शिकविले आहे, त्याने हा निकाल कसा समजून घ्यावा?

हा प्रश्न परदेशातला आणि जुना वाटेल, पण तसा तो नाही. आज आपल्या मुलामुलींच्या कित्येक स्पर्धा परीक्षा रविवारी असतात. क्रिकेटचे सामने रविवारी सकाळी असतात. एखादी मुलगी उपासनेसाठी सामना सोडते आणि संघातील जागा गमावते. एखादा मुलगा प्रामाणिकपणे पेपर लिहितो, कॉपी करणारा त्याच्यापुढे जातो. आपण त्यांना सांगितलेले असते की, देवाचे ऐकले तर सर्व काही चांगले होईल. ते घरी येऊन उशीत तोंड खुपसतात, आणि एक तर देव खोटा असे त्यांना वाटते, नाही तर आपल्यात काही पाप राहिले असे वाटते. ईयोबाच्या मित्रांनी त्याला हेच सांगितले होते, आणि देवाने त्या मित्रांना दोष दिला.

त्या पराभवानंतर मॅथ्यूसन यांनी काय केले? दोष दुसऱ्यावर टाकला नाही. पुढे १९१२ साली त्यांच्या नावाने एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्या दिवशी आपल्या चेंडूत दम उरला नव्हता, असे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आहे. मर्कलला वर्तमानपत्रांनी मूर्ख ठरविले व ते नाव त्याला आयुष्यभर चिकटले. मॅग्रॉ यांनी मात्र त्याला दोष दिला नाही, त्याचा पगार वाढविला, आणि तो १९१६ पर्यंत त्यांच्याच संघात खेळला. पुढे पुष्कळ वर्षे तो बेसबॉलच्या लोकांपासून दूर राहिला. १९५० साली त्याला जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यासाठी पोलो ग्राउंड्सवर बोलाविले, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांनी त्याचे स्वागत केले. एका चुकीनंतर माणसाला त्याचे स्थान परत देण्यास लोकांना बेचाळीस वर्षे लागली. आपल्या मंडळ्यांत एखाद्याच्या एका चुकीवरून पडलेले टोपणनाव किती वर्षे चालते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

१९०९ च्या जानेवारीत मॅथ्यूसन यांच्यावर मोठे दुःख आले. त्यांचा धाकटा भाऊ निकोलस याने एकोणीस वर्षांच्या वयात स्वतःचे जीवन संपविले. त्याविषयी आम्ही अधिक लिहीत नाही. वसंत ऋतू आला तेव्हा थोरला भाऊ पुन्हा मैदानात उभा राहिला आणि त्या वर्षी त्याने २५ सामने जिंकले, एवढेच सांगतो.

१९१२ साली वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामना १६ ऑक्टोबरला बोस्टन येथे झाला. दहाव्या डावात न्यूयॉर्क एका धावेने पुढे होते. फ्रेड स्नॉडग्रास यांच्या हातून एक साधा झेल सुटला. थोड्या वेळाने दुसरा एक सोपा झेल तीन खेळाडूंच्या मध्ये पडला. त्या तिघांत स्वतः मॅथ्यूसन होते. बोस्टनने दोन धावा काढल्या व सामना जिंकला. पुढल्या वर्षीही न्यूयॉर्कच्या पदरी वर्ल्ड सिरीजमध्ये पराभवच आला. १९०५ नंतर मॅथ्यूसन यांना ते यश पुन्हा मिळाले नाही.

१९१६ साली ते सिनसिनाटी संघाचे व्यवस्थापक झाले. ४ सप्टेंबरला शिकागो येथे त्यांनी आपला शेवटचा सामना टाकला, आणि समोर पिचर म्हणून तेच मॉर्डिकाय ब्राउन होते. दोघांचेही वय झाले होते. पूर्वी ज्यांच्या सामन्यात एकदोन धावा निघत, त्यांच्या या सामन्यात सिनसिनाटीच्या दहा व शिकागोच्या आठ धावा झाल्या. मॅथ्यूसन जिंकले, आणि दोघांनीही पुन्हा मोठ्या लीगमध्ये चेंडू टाकला नाही. मॅथ्यूसन यांच्या विजयांची संख्या तेव्हा ३७३ झाली.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. मॅथ्यूसन पत्ते खेळत व तंबाखू ओढीत. ते कोणी संत नव्हते. आणि व्यवस्थापक झाल्यावर त्यांचा संघ रविवारी खेळत असे. सिनसिनाटीत ती रीतच होती. १९ ऑगस्ट १९१७ या रविवारी न्यूयॉर्क येथे सैनिकांच्या कुटुंबीयांच्या मदतीसाठी सामना झाला, तेव्हा रविवारच्या कायद्याचा भंग केला म्हणून मॅग्रॉ आणि मॅथ्यूसन या दोघांवरही खटला झाला. न्यायाधीशांनी तो काढून टाकला. आईला दिलेले वचन स्वतः खेळण्यापुरते होते असे त्यांनी मानले असावे. वाचकांपैकी कित्येकांना हे पटणार नाही, आणि त्यांचे म्हणणे आम्ही खोडून काढीत नाही. माणसाला देव्हाऱ्यात बसवू नये एवढाच आमचा हेतू आहे.

त्यांची खरी कसोटी यानंतर झाली. सिनसिनाटी संघात हॅल चेस नावाचा अत्यंत कुशल खेळाडू होता. पैसे घेऊन तो मुद्दाम वाईट खेळतो, असा संशय पुष्कळांना होता, पण बोलत कोणी नव्हते. तसा खेळाडू गमावणे कोणत्याच संघाला नको होते. १९१८ च्या ऑगस्टमध्ये मॅथ्यूसन यांनी त्याला संघातून निलंबित केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते पहिल्या महायुद्धासाठी सैन्यात दाखल झाले व रासायनिक युद्धाच्या विभागात कॅप्टन म्हणून फ्रान्सला गेले. १९१९ च्या आरंभी चेसची चौकशी झाली, तेव्हा साक्ष देणारा मुख्य माणूस समुद्रापलीकडे होता. पुरावा अपुरा म्हणून चेस निर्दोष सुटला. इतकेच झाले नाही, तर मॅग्रॉ यांनी त्याला न्यूयॉर्कच्या संघात घेतले. मॅथ्यूसन फ्रान्सहून परत आले आणि त्याच संघात साहाय्यक म्हणून रुजू झाले. ज्याच्याविरुद्ध साक्ष दिली तो, आणि ज्याने ती साक्ष मानली नाही तो जिवलग मित्र, अशा दोघांबरोबर त्यांना रोज मैदानावर उभे राहावे लागले.

त्याच ऑक्टोबरमध्ये शिकागो व्हाइट सॉक्स आणि सिनसिनाटी यांची वर्ल्ड सिरीज झाली. व्हाइट सॉक्सच्या काही खेळाडूंनी पैसे घेतल्याची कुजबूज होती. ह्यू फुलर्टन या पत्रकाराने मॅथ्यूसन यांना शेजारी बसविले, आणि जेथे खेळाडू मुद्दाम चुकला असे वाटले ते ते प्रसंग दोघांनी टिपून ठेवले. पुढल्या वर्षी सारे उघडकीस आले व १९२१ साली आठ खेळाडूंना या खेळातून कायमचे काढून टाकले. चेसचाही मोठ्या लीगमधील खेळ १९१९ मध्येच संपला होता. तेव्हा कोठे लोकांना कळले की, मॅथ्यूसन यांनी सर्वांआधी बोट दाखविले होते. पण ज्या दिवशी त्यांनी ते दाखविले, त्या दिवशी त्यांना काहीही मिळाले नाही.

युद्धाच्या कामात त्यांच्या श्वासात विषारी वायू गेला होता. १९२० साली त्यांना क्षय झाल्याचे निदान झाले. वायूमुळेच क्षय झाला असे अनेकांनी लिहिले आहे. पण त्यांचा भाऊ हेन्री हाही १९१७ साली क्षयानेच वारला होता, तेव्हा एकच कारण सांगणे धाडसाचे होईल. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर डोंगरातील सरनॅक लेक येथे ते उपचारासाठी गेले. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचा आरोग्यधाम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या उपचाराची कल्पना येईल. औषध जवळजवळ नव्हतेच. मोकळी थंड हवा, सकस आहार आणि महिनोन्‌महिने निश्चल पडून राहणे. ज्याच्या हाताने ३९० डाव एका वर्षात टाकले, त्याला तो हात हलविण्याचीही मनाई झाली. हळूहळू त्यांना बरे वाटू लागले आणि १९२३ साली ते बोस्टन ब्रेव्ह्‌ज या संघाचे अध्यक्ष झाले. पण दुखणे पुन्हा उलटले. ७ ऑक्टोबर १९२५ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, सरनॅक लेक येथेच त्यांनी देह ठेवला.

त्या दिवशी पिट्सबर्ग येथे वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना होता. दुसऱ्या दिवशी, ८ ऑक्टोबरला, दोन्ही संघांचे खेळाडू दंडावर काळी फीत बांधून मैदानात आले व ध्वज अर्ध्यावर उतरविला होता. बरोबर सतरा वर्षांपूर्वी, याच तारखेस, मॅथ्यूसन तो मोठा सामना हरले होते. लुइसबर्ग येथे, आपल्या विद्यापीठाच्या शेजारी, त्यांना मूठमाती देण्यात आली. १९३६ साली बेसबॉलच्या सन्मानमंडळासाठी पहिले पाच खेळाडू निवडले गेले. त्यांत मॅथ्यूसन होते, आणि त्या पाचांपैकी तेच एकटे हयात नव्हते.

तर शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगा. १९०५ चे तीन सामने सांगा. मुलांना पराक्रम आवडतो, आणि तो खोटा नाही. पण तेथेच घंटा वाजवू नका. १९०८ चा गुरुवार सांगा. सातव्या डावात ज्याला बसविले तो माणूस सांगा. साक्ष देऊनही जिची किंमत झाली नाही ती चौकशी सांगा. डोंगरातील ती खाट सांगा. मग मुलांना विचारा की, आईला दिलेले वचन त्यांनी कशासाठी पाळले असेल. जिंकण्यासाठी पाळले असते, तर १९०८ नंतर ते मोडण्यास चांगले निमित्त होते. पण त्यानंतरही आठ वर्षे त्यांनी रविवारी चेंडू टाकला नाही.

शद्रख, मेशख व अबेद्‌नगो यांची गोष्ट आपण मुलांना दर वर्षी शिकवितो. ते अग्नीतून सुखरूप बाहेर आले हे मुले कधी विसरत नाहीत. भट्टीत टाकले जाण्यापूर्वी त्यांनी राजाला दिलेले उत्तर मात्र आपण घाईने वाचून पुढे जातो. सुटका झाली तर देवाची भक्ती करू, अशी अट त्यांनी घातली नव्हती. वाचविण्यास देव समर्थ आहे असे म्हणून, वाचविले नाही तरी आपण मूर्तीपुढे वाकणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकले होते. भट्टीच्या दाराशी उभे राहून जे बोलले गेले ते खरे शिकविण्याचे आहे, कारण आपली मुले बहुतेक वेळा तेथेच उभी असतात.

मंडळीतील एखादे लेकरू रविवारी उपासनेस आले म्हणून काही गमावून बसले असेल, तर त्याला पुढल्या वेळी देव नक्की देईल असे आश्वासन देऊ नका. तेवढे वचन आपल्या हाती नाही. त्याच्या शेजारी बसा, आणि तू हरलास तरी बरोबर केलेस, असे त्याला स्पष्ट सांगा. मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य एकदा ऐकलेले मूल पुष्कळ पराभव सोसू शकते.